पसारा माझा आहे, हात लावू नका

माझं टेबल बघून कुणालाही वाटणार नाही की या बाईला व्यवस्थेचं काही पडलेलं असेल. कागदांचे ढीग, गुंतलेल्या वायरी, जुना चष्मा, नवा चष्मा, एक डबा ज्यात काहीच नसतं पण तो तिथेच असतो. पण तुम्ही म्हणाल ती वस्तू मी अंधारात काढून देईन. आणि त्या ढिगातला एक कागद जरी कुणी सरळ करून ठेवला ना, तर खोलीत पाय टाकला की कळतं. काय बदललंय ते लगेच नाही सांगता येत, पण काहीतरी हललंय हे कळतं आणि ते सापडेपर्यंत दुसरं काही म्हणजे काही सुचत नाही.

हे आधीच सांगून टाकते कारण मी ऑटिस्टिक आहे, म्हणजे माझा मेंदू जग जरा वेगळ्या पद्धतीने घेतो, आणि ऑटिस्टिक माणूस आणि घरातली शिस्त म्हटलं की लोकांना एका रेषेत मांडलेल्या पेन्सिली आठवतात. असतं काहींचं तसं. पण टापटीप वेगळी आणि ऑर्डर वेगळी. कित्येक ऑटिस्टिक लोकांच्या घरी तर बऱ्यापैकी पसारा असतो, कारण आवरायला सुरुवात कुठून करायची इथेच गाडी अडते, म्हणजे काम येत नाही असं नाही, ते सुरूच होत नाही. तरी त्या पसाऱ्याचा नकाशा डोक्यात पक्का असतो. त्यामुळे कुणी मायेने येऊन सगळं आवरून दिलं की समोरच्याला वाटतं आपण मदत केली आणि आपल्याला वाटतं आपलं घर कुणीतरी उचलून नेलं.

मला डायग्नोसिस मोठेपणी मिळालं. तोपर्यंत हट्टी, विक्षिप्त, "हिचं सगळं जगावेगळंच असतं बाई" यावर काम चाललं होतं. डायग्नोसिस मिळाल्यावर मी जे हाताला लागेल ते वाचत सुटले (हेही त्यातच आलं म्हणा) आणि एक गोष्ट वाचून मोठ्याने हसले. लिओ कॅनर नावाच्या मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञाने १९४३ मध्ये ११ मुलांबद्दल एक लेख लिहिला, ऑटिझमचं आजचं सगळं वर्णन साधारण तिथून सुरू होतं. त्यात तो म्हणतो की या मुलांना सगळं जसंच्या तसं राहायला हवं असतं, त्यासाठी त्यांचा जीव कासावीस होतो, आणि ते जसंच्या तसं असणं मोडायची मुभा फक्त त्या मुलाला स्वतःला, तीही क्वचित. मी नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "म्हणजे मी इतकी वर्षं जे ओरडतोय ते ऐंशी वर्षांपूर्वीच छापून आलंय?"

कारण त्याची तक्रार नेमकी हीच असते. तू सोफा हलवलास तर चालतो, मी हलवला तर घरात भूकंप. बाहेरून बघितलं तर हा शुद्ध दादागिरीचा प्रकार वाटतो, मला मान्य आहे. पण मी सोफा हलवते तेव्हा त्याआधी कित्येक दिवस तो माझ्या डोक्यात हललेला असतो. तिथून बाल्कनीच्या दाराकडे कसं जायचं, संध्याकाळी ऊन कुठे येणार, पाय कुठे आपटणार, सगळं आधी होऊन गेलेलं असतं, प्रत्यक्ष हलवणं ही शेवटची पायरी. त्याने हलवला की मला हे सगळं उभ्या उभ्या एका क्षणात करावं लागतं, वर तोंडाने "छान दिसतंय" म्हणायचं असतं. म्हणजे बदलाचं एवढं काही नाहीये. तो न सांगता अंगावर येतो त्याचं आहे. माझे घरातले जवळपास सगळे नियम या एका गोष्टीसाठी आहेत, की पुढे काय होणार हे मला आधी कळावं.

हे असं का होतं यावर बरंच संशोधन चालू आहे आणि कुणाकडेही शेवटचं उत्तर नाहीये. मला पटलेली एक कल्पना एलिझाबेथ पेलिकानो आणि डेव्हिड बर या संशोधकांनी २०१२ मध्ये मांडली. ती सोप्या भाषेत अशी, की आपण डोळ्यांनी बघतो त्यातलं बरंचसं मेंदू जुन्या अनुभवावरून आधीच भरून ठेवतो. ही आपली खोली, त्यात खुर्ची असतेच, आता नीट बघायची गरज नाही, पुढे चला. ऑटिस्टिक मेंदू या जुन्या अनुभवावर कमी भिस्त ठेवतो, त्यामुळे समोरचं सगळं जास्त खरं, जास्त तपशिलात, जास्त मोठ्याने येतं. प्रयोगांमधून याला सरसकट दुजोरा मिळालाय असं नाही, काही बाजूने काही विरुद्ध. पण मी स्वतःपुरतं सांगू शकते, अनोळखी खोलीत गेले की पडद्याची शिवण, पंख्याची टिकटिक, कपाटाचं न बसलेलं दार हे सगळं एकदम आणि सारख्याच आवाजात बोलायला लागतं. घरात ते गप्प असतं, कारण घरातलं काही हलत नाही. घर हलवलं की ते पण बोलायला लागतं.

आणि मग अनिश्चितता. ती कुणालाच आवडत नाही, पण ऑटिस्टिक लोकांमध्ये ती सहन होण्याची ताकद कमी असणं, त्यातून येणारी एंग्झायटी आणि सगळं तसंच हवं हा आग्रह, या गोष्टी बरोबरीने वाढतात असं अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. हे मी घरी रोज बघते. ऑफिसमध्ये काही गडबड असली, झोप नीट झाली नसली, कुणी आजारी असलं की माझे नियम वाढतात. एरवी टॉवेल बाहेर कसाही वाळत असला तरी चालतो, त्या दिवसांत त्याची किनार दांडीला समांतर लागते. नवरा आता यावरूनच ओळखतो. टॉवेल सरळ करताना दिसले की टॉवेलबद्दल एक अक्षर बोलत नाही, "ऑफिसात काय झालं" एवढंच विचारतो. आधी तो टॉवेलवरून वाद घालायचा आणि वादात नेहमी तोच बरोबर असायचा, कारण टॉवेल वाकडा असल्याने खरंच काही बिघडत नाही.

२०१३ मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने डायग्नोसिसचं पुस्तक बदललं, डीएसएम-५, त्यात रुटीनचा आग्रह होताच पण आवाज, प्रकाश, स्पर्श, वास यांचा जास्त किंवा कमी त्रास होणं हेही निकषांमध्ये पहिल्यांदा आलं. दोन्ही एकाच गटात ठेवलंय आणि मला वाटतं बरोबर ठेवलंय, कारण घरात ते वेगळे काढताच येत नाहीत. आमच्याकडे अंधार पडला की वरची पांढरी ट्यूब लावायची नाही, फक्त कोपऱ्यातला पिवळा दिवा. भांडी ओट्यावर ठेवायची, टाकायची नाहीत. मी पाठमोरी असेन तर खोलीत येताना आधी आवाज द्यायचा. हे ऐकायला नियम वाटतात पण हे माझे कान आणि डोळे आहेत. गंमत अशी की हे नियम लोकांना लगेच पटतात. "डोकं दुखतं का ट्यूबने? मग नको लावायला." पण "हा कप याच हुकाला" याला कारण विचारतात, आणि माझ्याकडे कारण नसतं, म्हणजे असतं पण ते एवढंच असतं की काल तो तिथे होता. हे कारण कुणी कारण म्हणून मोजत नाही.

मागे आई राहायला आली होती. मी कामावर असताना तिने किचनच्या ट्रॉल्या आवरल्या. तिच्या दृष्टीने बरोबरच होतं सगळं. मोठं खाली, लहान वर, रोजचं पुढे, एकात एक बसणारं एकात एक. माझ्याकडे वरच्या ड्रॉवरमध्ये डावीकडे छोटे चमचे, त्यांच्या मागे गाळणं आडवं, उजवीकडे सुरी जिचं पातं भिंतीकडे, आणि मधे सांडशी तिरकी, कारण ती सरळ ठेवली तर ड्रॉवर लागत नाही. मी आले, हात धुतले, न बघता ड्रॉवर उघडून डावीकडे हात घातला आणि हाताला लाटणं लागलं.

एवढंच. लाटणं लागलं. पण हाताला चमचा लागणार हे हाताला माहीत होतं, कळतंय का, विचार करून नाही, हाताला. मी ड्रॉवर बंद केला आणि पुन्हा उघडला. पुन्हा लाटणंच.

"अगं, केवढा गोंधळ होता तो आत, सगळं नीट लावलंय बघ," आई मागून म्हणाली. खूश होती. दिवसभर खपली होती त्यात. आणि मला बोलता येईना. राग आला म्हणून गप्प बसले असं नाही, शब्दच तयार होईनात. आई विचारतेय काय झालं, मी ड्रॉवरकडे बघतेय. याला शटडाउन म्हणतात. मेल्टडाउन लोकांना निदान दिसतो तरी, रडणं, ओरडणं, कान दाबून बसणं. शटडाउनमध्ये माणूस नुसता बंद पडतो आणि समोरच्याला वाटतं तोंड फुगवलंय. दोन्हींमध्ये ऐकलं जाणारं वाक्य मात्र एकच, "एवढ्याशा गोष्टीसाठी?" एवढ्याशा गोष्टीसाठी नसतंच ते. दिवसभर बसमधली गर्दी, मीटिंगमध्ये तीन जण एकदम बोलणारे, चेहरा नीट ठेवणं, सगळं पार करून मी घराच्या भरवशावर आले होते. लाटणं निमित्त.

आईला दुसऱ्या दिवशी मी लिहून दिलं, बोलून मला जमत नाही असलं. तिने वाचलं आणि म्हणाली, "मग आधी सांगायचंस ना, मला काय हौस आहे का." तिचंही बरोबर. आता ती येते तेव्हा तिला एक अख्खी ट्रॉली दिलेली असते, खालची, तिथे ती काय वाटेल ते करू शकते, मी उघडत नाही.

इथे लोक हमखास विचारतात, मग हे ओसीडी, म्हणजे तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा मनाचा आजार, नाही का? दिसायला सारखं दिसतं, ऑटिझम आणि ओसीडी दोन्ही एकाच माणसात असूही शकतात आणि असतातही, त्यामुळे घरबसल्या ठरवू नये, ज्याला कळतं त्याच्याकडे जावं. पण ढोबळमानाने फरक असा की ओसीडीमध्ये नको असलेला विचार घुसतो, हे केलं नाही तर काहीतरी भयंकर होईल, आणि ती भीती शमवायला माणूस ती कृती करतो, बहुतेकदा स्वतःलाच ती नको असते. माझा कप हुकाला लागला नाही तर कुणाचं वाईट होईल असं मला अजिबात वाटत नाही. कप हुकाला बघून मला बरं वाटतं, इतकं सरळ आहे ते. हा फरक किचकट वाटला तरी महत्त्वाचा आहे कारण ओसीडीच्या उपचारात त्या भीतीला हळूहळू सामोरं जायला शिकवतात. तेच कुणी न समजता ऑटिस्टिक मुलावर घरच्या घरी चालवलं, म्हणजे मुद्दाम वस्तू हलवा, मुद्दाम रुटीन मोडा, सवय होईल, तर सवय होत नाही हो. मूल एवढंच शिकतं की घरातसुद्धा कशाचा भरवसा नाही. हा सल्ला मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलाय, चांगल्या शिकलेल्या लोकांच्या, की आता ऐकला की मी सरळ उठून जाते.

मुलांसाठी जे उपयोगी पडतं ते याच्या बरोब्बर उलट असतं. काय होणार ते दिसेल असं ठेवणं. एरिक शॉपलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात ऑटिस्टिक मुलांसाठीचा टीच नावाचा कार्यक्रम १९७२ पासून राज्यभर चालवला, त्यातून चित्रांचं वेळापत्रक, कामाची ठरलेली जागा, काम कुठे संपतं ते डोळ्यांना दिसणं या गोष्टी पसरल्या. मला त्यातली सगळ्यात भारी वाटते ती बदलाचं कार्ड असण्याची युक्ती. म्हणजे वेळापत्रकात एक वेगळंच चित्र असतं ज्याचा अर्थ "इथे आज काहीतरी वेगळं आहे". काय वेगळं ते नंतर कळलं तरी चालतं, पण वेगळं आहे हे आधी कळतं. बदलालाच वेळापत्रकात जागा मिळते. मी मोठी बाई आहे पण माझ्या फ्रिजवर हे आहे.

याच धर्तीवर नवरा आणि मी एक गोष्ट शोधून काढली, ती कुणाच्या उपयोगी पडली तर बघा. तो सांगायचा, "सातच्या सुमारास येतो." सातच्या सुमारास म्हणजे काय? पावणेसातपासून मी काही सुरू करू शकत नाही कारण तो कधीही येईल, आणि सव्वासातनंतर मी फक्त दाराकडे कान लावून बसलेली. त्याला वाटायचं हिला अगदी मिनिटाचा हिशोब हवाय आणि तो देणं कुणालाच शक्य नाही. पण मला मिनिट नकोच होतं. "साडेसहा ते साडेसात" म्हणाला तर मी आरामात असते. मधे कधीही ये, पण कडा सांग, आणि कड ओलांडणार असशील तर मेसेज कर. पाहुण्यांचंही तसंच. या खुशाल, पण कधी येणार, किती जण, आणि मुख्य म्हणजे कधी जाणार. हे शेवटचं विचारणं उद्धट समजतात, म्हणून ते नवरा विचारतो.

आता अवघड भाग. माझे नियम फक्त माझ्यावर असते तर काही प्रश्नच नव्हता. पण घरात दुसराही माणूस राहतो आणि त्यालाही त्याचं घर असल्यासारखं वाटलं पाहिजे. मी अशीही घरं बघितली आहेत जिथे सगळेच एका माणसाच्या नियमांभोवती पाय न वाजवता वावरतात, आणि अशीही, जिथे ऑटिस्टिक माणसाला एक फळीसुद्धा स्वतःची म्हणून मिळत नाही. दोन्हीकडे कुणीतरी गुदमरतं. "मी ऑटिस्टिक आहे" म्हटलं की समोरच्याने गप्प बसायचं हे मला स्वतःला पटत नाही. माझ्या वस्तू आणि माझी जागा यांचे नियम माझे, त्याला कारण द्यायची मी बांधील नाही, कप हुकालाच राहणार. त्याच्या वस्तूंना माझा नियम नाही, त्याची बूटांची जोडी कशीही पडलेली असते आणि मी बघत नाही (बघते. पण हात लावत नाही). आणि जे दोघांचं आहे त्याचा नियम बोलूनच ठरतो, त्याला कारण लागतं आणि तो बदलायचा तर आधी सांगावं लागतं, हे मलाही लागू. सोफा यात येतो.

हे कागदावर जितकं सुरळीत दिसतंय तितकं नाहीये. नियम मोडला की मला नुसती गैरसोय होत नाही, अन्याय झाल्यासारखं वाटतं, आपलं ठरलं होतं ना, मग? त्याला ठरलेलं खरोखर आठवत नसतं. आणि जिथे घरात दोन ऑटिस्टिक माणसं आहेत तिथे सगळं सोपं असेल असा एक गैरसमज आहे, तर तसंही नाही. एका ओळखीच्या जोडप्यात एकाला संपूर्ण शांतता लागते आणि दुसऱ्याला स्वतःला सावरायला सतत गुणगुणावं लागतं. दोघांचीही गरज खरी, घर एक, भिंती पातळ.

शिवाय काही नियम मलाच अडकवतात हेही खरं. आवडलेली वस्तू मी बदलत नाही, आणि कंपन्या मात्र बदलतात. "आता नव्या सुगंधात" असं साबणाच्या वेष्टनावर वाचलं की माझ्या पोटात गोळा येतो. कुणी मागितला होता नवा सुगंध? म्हणून मी आवडलेल्या वस्तू जास्तीच्या घेऊन ठेवते, त्या कपासारखाच अजून एक कप कपाटात वरती गुंडाळून ठेवलाय, आणि तो आहे हे माहीत असल्यामुळे हुकावरचा कप मी न घाबरता वापरते. नवरा म्हणतो हा साठेबाजीचा गुन्हा आहे.

सध्या घराला रंग द्यायचं चाललंय. टाळून टाळून किती टाळणार, भिंतीला ओल आलीये. मी प्रत्येक फळीचे, प्रत्येक ड्रॉवरचे फोटो काढून ठेवलेत, खोकी नंबर घालून तयार आहेत, एका वेळी एकच खोली उघडायची आणि झोपायची खोली सगळ्यात शेवटी, तीही मी दोन दिवस दुसरीकडे राहायला जाईन तेव्हा. रंगवाल्या दादांना विचारलं रोज किती ते किती येणार, ते म्हणाले "येऊ की सकाळी". मी म्हटलं कडा सांगा. ते माझ्याकडे बघत राहिले, मग नवऱ्याकडे बघितलं, मग म्हणाले नऊ ते दहाच्या मधे. चालेल. शेड आहे तीच राहणार असं मी धरून चालले होते, पण भिंती दोघांच्या यादीत आहेत आणि नवऱ्याला यंदा हिरवा हवाय. मी त्याला शेडकार्डातल्या हिरव्याचा तुकडा आत्ताच्या भिंतीवर चिकटवून ठेवायला सांगितलंय, महिनाभर तिथेच राहू दे, मग बोलू.